सगळी गंगेवर येत नाहीत

नाशिक, १२ नोव्हेंबर २०२५

दादा,

वर तीर्थरूप वगैरे काही लिहीत नाही. तू माझ्याहून दीडच वर्षाने मोठा, आणि साडेचार वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीस, तेव्हा शिष्टाचार राहू दे. फोन तू उचलत नाहीस. मी दारात आले की संपदावहिनी पाणी देते आणि तू मागच्या दाराने गंगेवर निघून जातोस. म्हणून एकाच गावात राहून तुला टपालाने पत्र पाठवते आहे. पोस्टातली बाई पत्ता बघून म्हणाली, पंचवटी तर हाकेच्या अंतरावर आहे की. मी म्हटलं, पत्राला तरी आत घेतील.

कामाचं बोलते. नामपूरच्या अलीकडे मोसम नदीच्या अंगाला कांद्याच्या चाळींवर काम करणाऱ्यांची एक वस्ती आहे. तुला ती माहीत आहे, कारण धोंडीराम तिथला आणि त्याच्या आज्यापासून त्या वस्तीच्या अस्थी आपल्याच घराकडे येतात. त्या वस्तीत दिवाळीपासून तीन लहान मुलं गेली. घटसर्प. आम्ही शिकत असताना आमचे सर म्हणायचे की हा रोग तुम्हाला आता पुस्तकातच भेटेल. महासाथीच्या काळात लसीकरण बंद पडलं, पुढे तिथल्या नर्सची जागा रिकामी राहिली, आणि वस्ती पडली शिवेवर. इकडच्या उपकेंद्राला वाटतं ती तिकडची, तिकडच्याला वाटतं इकडची. लस कुणीच दिली नाही.

आणि मला हे कळलं कधी, तर तिसरं मूल गेल्यावर. तेही तिथल्या एका डॉक्टरने त्याच्या घशात बॅटरी मारून राखाडी पापुद्रा पाहिला म्हणून. जिल्ह्यात कुठेही रोगाने डोकं वर काढलं की सगळ्यांत आधी कळावं, एवढ्यासाठी सरकारने मला खुर्ची दिली आहे. दोन हजार एकवीसमध्ये आपण आंधळे होतो, पुन्हा तसं व्हायचं नाही, म्हणून ही सगळी यंत्रणा नव्याने उभी केली. दवाखाने, प्रयोगशाळा, औषधाची दुकानं, सगळीकडून खबर येते. त्यात गंगेवरच्या रामकुंडाचा भाग माझ्या डोक्यातून निघाला, हे तुला माझ्या ऑफिसातल्या मयुरेशने सांगितलंच असेल. एखाद्या गावाच्या अस्थी नेहमीपेक्षा जास्त यायला लागल्या की उपाध्यांनी त्याला सांगायचं. तूही सांगतोस. माझं नाव न घेता सांगतोस, पण सांगतोस.

तर नामपूरकडून गंगेवर कुणी आलं नाही, म्हणून माझ्या नकाशावर तो भाग हिरवा होता. त्या हिरव्यावर भरवसा ठेवून मी इथे सिंहस्थाच्या तयारीच्या बैठका करत बसले.

आता मुद्दा. धोंडीरामची नात निकिता, चार वर्षांची, तापाने पडली आहे. मान सुजली आहे, असं गावातली आशाताई लांबून बघून आली. गेलेल्या तिघांतला पहिला संघर्ष, तो हिचाच भाऊ. हिची आजी लंकाबाई कुणाला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. ह्या रोगावर प्रतिविष नावाचं इंजेक्शन आहे, ते मी मुंबईहून मागवलं आहे, पण ते लवकर द्यावं लागतं. उशीर झाला की विष काळजात उतरतं आणि मग आमचे हात बांधलेले.

वस्ती कुणाचंच ऐकणार नाही. तुझं ऐकेल. धोंडीरामच्या बापाच्या अस्थी तुझ्या हातून गेल्या आहेत. माझ्याबरोबर एक दिवस नामपूरला चल. गाडीत मागे बस, माझ्याशी बोलू नकोस, पण चल.

उत्तरा

*

नाशिक, १४ नोव्हेंबर

दादा,

पत्र तुला काल मिळालं. वहिनीने मला तेवढं कळवलं. तू ते वाचून देवघरातल्या फळीवर ठेवलंस आणि जेवायला बसलास, हेही कळवलं.

मी काल एकटीच जाऊन आले. वस्तीच्या तोंडाशी जीप थांबवली, पुढे चालत गेले. चाळीत कांदा निवडायला कुणी नव्हतं. व्यापाऱ्यांना कळल्यापासून ह्या लोकांना कुणी कामावर बोलावत नाही. एक बाई मला बघून घरात गेली आणि तिने दार लावलं. मग पुढचं दार लागलं, मग त्याच्या पुढचं.

लंकाबाई मात्र दारातच बसून होती. मी हात जोडले, म्हटलं मी डॉक्टर, निकिताला फक्त बघते. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मना नातू गया तवय कोनी वना नही. आते काय लेवाले वनात?"

नातू गेला तेव्हा कोणी आलं नाही, आता काय न्यायला आलात. घरातून पोरीच्या श्वासाचा आवाज येत होता. तो आवाज कसा असतो ते तुला सांगत नाही, पण एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. मी दोन पावलं पुढे गेले तर धोंडीराम मधे आला. रागाने नाही, अगदी अजिजीने म्हणाला की ताई, तिसऱ्या लेकराच्या आईला तुमच्या लोकांनी त्याच दिवशी उचलून नेलं, तिला लेकराचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही, तुम्ही जा.

ते पथक माझंच होतं. नियमाने वागलं. ती बाई स्वतः आजारी होती, तिला वेगळं ठेवणं भागच होतं. नियम मीच लिहिलेला आहे.

दादा, आता ते लिहिते जे परवाच्या पत्रात टाळलं.

मयुरेश पहिल्यांदा तुझ्याकडे आला, ह्या योजनेचं सांगायला, तेव्हा तू त्याला म्हणाला होतास, "सगळी गंगेवर येत नाहीत म्हणावं तिला." त्याने मला ऑफिसात येऊन तसंच सांगितलं. मला वाटलं, टोमणा आहे. तुझा आवाज काढून मी ते वाक्य दोघा-तिघांना ऐकवलंसुद्धा. हसलो आम्ही. त्याच आठवड्यात मोठ्या बैठकीत मी उभी राहून म्हटलं की नाशिक जिल्ह्यातलं मरण गंगेला चुकवून जात नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे बसलेले सगळे इथलेच, कुणी सिन्नरचा, कुणी दिंडोरीचा. प्रत्येकाच्या घरातलं एखादं लहान मूल असं गेलेलं असणार. एकाच्याही लक्षात आलं नाही की तान्ह्या मुलाला अग्नी नसतो, अस्थी नसतात, दहावा नसतो. त्याला पुरतात आणि घरी येतात. गंगेवर कशाला येतील?

बाकीच्यांचं सोड. मी उपाध्यांच्या घरात वाढले. आणि मी अपूची आत्या आहे.

तिचं नाव मी तुझ्यापाशी पहिल्यांदाच काढते आहे, माहीत आहे. तू रागावलास ते मी तिच्या नाकातून नमुना घेतला म्हणून. सव्वादोन वर्षांचं पोर जमिनीवर ठेवलेलं, आणि आत्या हातमोजे घालून नळी काढते. त्या नमुन्यामुळे घराला पट्टी लागली, वहिनीला केंद्रावर नेलं आणि अपूला मातीत ठेवताना तिची आई तिथे नव्हती. मी माफी मागणार नाही. त्या महिन्यात मुलं कशाने जाताहेत हे कुणालाच कळत नव्हतं, आणि ते कळायला हवं होतं. आजही मी तेच करीन. पण करताना मला काय झालं होतं हे तू कधी विचारलं नाहीस, आणि ते मला लागलेलं आहे.

त्या रात्री कंट्रोल रूममध्ये मी ती नोंद स्वतः दिली. रकान्यात फक्त वय आणि बाई की पुरुष एवढंच होतं. मी "स्त्री, दोन" असं सांगितलं आणि पुढच्या नोंदीवर गेले.

तर अपू गंगेवर आली नाही हे मला माहीत असताना मी यंत्रणा अशी बांधली की तिच्यासारखं मूल त्यात दिसणारच नाही. तुला ते पहिल्याच दिवशी दिसलं. तू मला सरळ का सांगितलं नाहीस? एवढा राग होता?

इंजेक्शन आलं आहे. फ्रीजमध्ये आहे. मी त्याच्याकडे बघत बसले आहे.

उत्तरा

*

१५ नोव्हेंबर, मयुरेशच्या हाती

दादा,

टपालाला वेळ नाही. आशाताईचा फोन आला होता, पोरीला पाणीही गिळता येत नाही. वस्तीत आणखी दोन मुलांना ताप आहे. पोलीस घेऊन जा असं मला वरून सांगतात. पोलीस नेले तर ही दारं उघडतील, पण पुढच्या वेळी मूल आजारी पडलं की लोक ते शेतात लपवतील. मग माझं सगळं काम पाण्यात. आणि नाही नेले तर निकिता.

मला हे ठरवता येत नाही. कुणाला सांगायची सोय नाही, कारण ऑफिसात सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी तुझ्या पाया पडते, असं समज. खरंच पडले असते, पण तू मागच्या दाराने जाशील.

उद्या सकाळी जीप तुमच्या पंचवटीतल्या मालेगाव स्टँडच्या पुलाशी उभी करते. संध्या उरकून ये. तू आला नाहीस तर मी पोलिसांना फोन करणार आहे.

उत्तरा

*

नाशिक, १९ नोव्हेंबर

दादा,

जाता-येता तू गाडीत बोलला नाहीस, म्हणून मीही बोलले नाही. ड्रायव्हर बिचारा गाणी लावू की नको ह्या विचारात सटाण्यापर्यंत गेला. पण काही गोष्टी लिहायलाच हव्यात.

तू लंकाबाईच्या घरात गेलास तेव्हा तुला वाटलं मी चाळीपाशी थांबले आहे. मी भिंतीला लागून उभी होते. सगळं ऐकलं.

लंकाबाईने तुला आधी संघर्षचंच विचारलं. त्याचं काही करता येईल का, त्याला कुठेतरी पोचवता येईल का. मला वाटलं तू हो म्हणशील. कुणीही म्हटलं असतं, तेवढ्याने दार उघडलं असतं. तू म्हणालास, "नाही करता येत, लंकाबाई. एवढ्या लहान लेकराचं शास्त्रात काही नाही. माझी मुलगी अशीच गेली. तिच्या नावाने मी ओंजळभर पाणीसुद्धा सोडलेलं नाही. ती होऊन गेली ह्याची अख्ख्या जगात एकच नोंद आहे, आणि ती बाहेर उभ्या असलेल्या बाईने केली. माझी बहीण आहे ती. मी त्यावरून तिच्याशी बोलत नाही."

मग तू म्हणालास, "पोरगी तिच्या हातात द्या."

लंकाबाई म्हणाली, "तुम्ही तिनासंगे बोलतस नही, आन माले सांगतस पोर दे?"

तू म्हणालास, "हो."

दादा, मी रडले नाही. रडायला वेळ नव्हता, कारण लंकाबाई पोरीला घेऊन बाहेर आली आणि तिने ती माझ्या हातात दिली. तिची मान एवढी सुजली होती की हनुवटी दिसत नव्हती. लंकाबाईला मी जीपमध्ये पुढे बसवलं आणि सांगितलं की तुम्हाला हिच्यापासून कुणी वेगळं करणार नाही. मास्क लावा, आमच्या गोळ्या घ्या, पण तिथेच बसा. तो नियम मी त्या क्षणी मोडला, आणि काल कागदावरही बदलला. आईला किंवा आजीला नेऊन वेगळं कोंडायचं नाही. वहिनीला एवढं सांगशील का? तिच्यासाठी उशीर झाला आहे, मला कळतं.

बाकीच्या घरांची दारं त्यानंतर उघडली. तुला धोंडीरामने चहा दिला तेवढ्या वेळात बायका मुलांना घेऊन रांगेत आल्या. त्या दोन तापाच्या मुलांना वेळेवर औषध मिळालं, दोघंही आता ठीक आहेत. कलाबाई नावाची एक म्हातारी आहे, तान्ह्या मुलांना न्यायचं झालं की वस्ती तिला हाक मारते, कारण आईबापांनी खड्डा करायचा नसतो. तिला मी विचारलं, पुढच्या वेळी मला फोन कराल का. ती म्हणाली, कोणी विचारलं असतं तर आधीच केला असता. आता प्रत्येक गावात अशी कोण आहे ते शोधायचं काम मयुरेश करतो आहे. मृत्यूनोंदीच्या नव्या अर्जात मुलाचं नाव लिहायला जागा करून घेतली आहे, त्यावरून वरच्या लोकांशी भांडले.

परतताना पिंपळगावपाशी तू एकच वाक्य बोललास, खिडकीकडे बघत. "मी मयुरेशला धड सांगायला हवं होतं."

 चांगल्या बहिणीने म्हणायला हवं होतं की जाऊ दे, तुझी चूक नाही. पण माझं पहिलं पत्र तीन दिवस तुझ्या देवघरात होतं, दादा. मी तुला दोष देत नाही असं इथे लिहिणार होते, पण ते खोटं होईल. देते. तेवढाच स्वतःलाही देते, म्हणून तू वेगळा काही वाटत नाहीस.

निकिताला इंजेक्शन दिलं. पापुद्रा सुटतो आहे, श्वास मोकळा झाला आहे. काल तिने लंकाबाईकडे गोळ्यांच्या पाकिटाची चांदी खेळायला मागितली. पण नाडी मला आवडत नाही. ह्या रोगात घसा बरा होतो आणि काळीज दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दगा देतं. इंजेक्शन आधी पोचलं असतं तर मी एवढी घाबरले नसते. रोज सकाळी वॉर्डात पाऊल टाकायच्या आधी मी दाराशी उभी राहते, मला आत जायचं धाडस होत नाही. तू म्हणत असतोस ते काहीतरी म्हण तिच्यासाठी. मी मानत नाही, तरी म्हण.

उत्तरा

*

नाशिक, २ डिसेंबर

दादा,

निकिता शनिवारी पहाटे गेली हे तुला धोंडीरामने सांगितलंच. मी तिथेच होते. लंकाबाईच्या मांडीवर बसून दूध पीत होती, आणि मान टाकली. आम्ही सगळं केलं. लंकाबाई मला म्हणाली की बस आता, ताई. माझे हात तिने धरून बाजूला केले.

त्यानंतर मी घरी आले आणि दोन दिवस ऑफिसला गेले नाही. मयुरेशने दार वाजवलं, उघडलं नाही. मला वाटत होतं की राजीनामा द्यावा आणि एखाद्या शाळेत विज्ञान शिकवावं. एक मूल डोळ्यांसमोर असताना वाचवता येत नाही, आणि मी निघाले आहे जिल्ह्याची राखण करायला.

काल तुझा फोन आला तेव्हा मी अंथरुणातच होते. तुझा नंबर माझ्याकडे दादा ह्याच नावाने आहे, कधी पुसला नव्हता. तरी तू म्हणालास, "मी उपेंद्र बोलतोय." जसा काही मी तुझा आवाज विसरले असेन. मग तू एकदम सरकारी आवाजात म्हणालास की नामपूरकडच्या अस्थी आल्या आहेत, लिहून घे. मी म्हटलं, सांग.

तू म्हणालास, "निकिता."

मी म्हटलं, लिहिलं. वाटलं, आता तू फोन ठेवशील. मागे घाटावरचा गलबला येत होता, कुणीतरी कुणाला पाण्यात सांभाळून उतरायला सांगत होतं. तू म्हणालास की लंकाबाई आणि धोंडीराम इथेच बसले आहेत. ती चार वर्षांची होती म्हणून तिला अग्नी मिळाला, म्हणून तिच्या अस्थी झाल्या, म्हणून ती इथवर आली. लंकाबाई म्हणत होती की ही आली तर हिच्याबरोबर तिच्या भावाचंही नाव घ्या, तो एकटा राहिला आहे. तू तिला पुन्हा सांगितलंस की शास्त्रात नाही. आणि मग पाण्यात उभा राहून त्याचं नाव घेतलंस.

"लिही," तू म्हणालास. "संघर्ष."

मग वस्तीतल्या गेलेल्या दुसऱ्या दोघांची नावं सांगितलीस, धोंडीरामला विचारून. एकाचं नाव अजून ठेवलंच नव्हतं, त्याला घरात सगळे सोन्या म्हणत. तू म्हणालास की सोन्या असंच लिही. मी तसंच लिहिलं.

 मी फोन कानाला धरून बसले. मला माहीत होतं तू कुणाचं नाव घेणार आहेस, आणि तुला घाई करायची माझी छाती नव्हती. तुझ्या हातातून पाणी पडल्याचा आवाज मला ऐकू आला. कदाचित तो तुझ्या शेजारच्या कुणाचा असेल.

"अपूर्वा उपेंद्र," तू म्हणालास. "वय तुला माहीत आहे."

दादा, मी लिहिलं. वय माझ्याकडे तेव्हापासून होतं. नाव लिहायला जागा नव्हती, ती आता आहे, आणि तिथे मी ते पूर्ण लिहिलं. मग ऑफिसला गेले.

वहिनीला सांग, रविवारी मी येते आहे. पुढच्या दाराने येईन. तू घरी थांब.

तुझी
उत्तरा